एका कार्डावर एक सूर

"आता कार्डं लागत नाहीत ना?" काकीसांनी मला विचारलं. मी ब्लाउजपीस निवडत होते. मला वाटलं, आधार कार्डाबद्दल विचारताहेत.

शहाद्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळ मारवाडातलं, जैन. पण इथं इतक्या पिढ्या गेल्या की गिऱ्हाइकाशी अहिराणी, सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजराती आणि जिना चढून वर घरी गेलं की मारवाडी, असं त्यांचं सहज चालतं. दुकान पुतण्या बघतो. त्याची काकू म्हणून त्या काकीसा, आणि त्याच्यामुळे साऱ्या बाजाराच्याच काकीसा. वय ऐंशीच्या पुढे. दुपारपर्यंत त्या गादीच्या कोपऱ्यात लोडाला टेकून बसतात. मी म्हसावदहून शिकायला शहाद्याला आले, तिथंच नोकरीला लागले, तेव्हापासून त्या दुकानात जाते. पण त्या हसण्यापलीकडे कधी काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी पुतण्या सहज म्हणाला, "काकीसा, या मॅडम कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात." आणि त्यावर हा प्रश्न.

"लागतं की," मी म्हटलं, "आधार कार्ड तर आता सगळीकडे लागतं."

"ते नाही बेटा. कॉम्प्युटरला घालायचं कार्ड. भोकं पाडलेलं."

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कॉम्प्युटरचा इतिहास शिकवते. त्यात भोकं पाडलेल्या कार्डाचं एक धुरकट चित्र आहे. खरं कार्ड मी जन्मात पाहिलेलं नाही.

"तुम्ही पाहिलंय ते?"

"पाहिलंय?" त्या हसल्या. "मी पाडलीत भोकं."

पुतण्या गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता थांबला. "काकीसा अमेरिकेत होत्या काही दिवस," तो मला म्हणाला, "काका शिकायला गेले होते तेव्हा. तिकडे टायपिंग करायच्या." घरात एवढंच ठाऊक होतं.

त्या मला वर घेऊन गेल्या. चहा आला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझा चहा गार झाला.

लग्नाआधी त्यांनी जळगावला टायपिंगची परीक्षा दिली होती. नवरा इंजिनीअर, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेला आणि मागून ह्याही गेल्या. वर्षातले सहा महिने बर्फ. खोलीत एकटं बसवेना. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये कार्डं पाडायला मुली हव्या होत्या, तिथं लागल्या. कॉम्प्युटर म्हणजे काचेपलीकडची एक अख्खी खोली. आत जायची मुभा नव्हती. बाहेर ओळीनं यंत्रं मांडलेली. कागदावरचा आकडा बघायचा, कळ दाबायची, खाडकन भोक पडायचं. संध्याकाळी साडीच्या निऱ्यांमध्ये बारीक चौकोनी कपटे अडकलेले असायचे.

"तिथं एक बाई यायची," काकीसा म्हणाल्या. "उंच, हडकुळी. पेन्सिलीनं हात काळा झालेला. तिचं काम कुठल्या मुलीला नको असायचं. नुसते आकडे, तेही दशांशाचे. म्हणून ते नव्या मुलीला द्यायचे. नवी मुलगी मीच. मला उलट बरं वाटायचं. इंग्रजी शब्द अडायचे, आकडे कुठे अडतात?"

"कशाचे आकडे होते?"

"तेच मी तिला विचारलं. म्हटलं, हे पगाराचं आहे की पावसापाण्याचं? तर म्हणाली, गाणं आहे. मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं."

चुकलं नव्हतं. ती बाई संगीत शिकवायची आणि कॉम्प्युटरकडून सूर काढायचा तिला ध्यास लागला होता. तिनं कागदावर समजावून सांगितलं. एका कार्डावर एक सूर. तो कधी सुरू व्हायचा, किती वेळ टिकायचा, किती उंच, किती मोठा, ह्या प्रत्येकाचा एक आकडा. आठवडाभर काकीसा कार्डं पाडायच्या. मग तो गठ्ठा काचेपलीकडे जायचा. यंत्राला दिवसभर मोठ्या लोकांची मोठी कामं असत; सुटीच्या दिवशी फट मिळाली तर हिचा नंबर. यंत्र त्यातून लाखो आकडे काढून एका टेपवर लिहायचं. पण ती टेप ऐकायची सोय तिथं नव्हती. आकड्यांचा आवाज करणारं यंत्र दुसऱ्या राज्यात. ती बाई टेप गाडीत घालून, बर्फातून गाडी हाकत तिकडे जायची. हे सारं मिनिटभराच्या आवाजासाठी. कधी कधी तोही आवाज म्हणजे नुसती खरखर.

"मग ती चिडायची?"

"छे. दोनतीन दिवसांनी परत यायची, नवे कागद घेऊन. मी विचारायची, कसं झालं? म्हणायची, एका ठिकाणी बरं झालंय."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी ऐकलं?"

काकीसांनी कप बशीत ठेवला. "नाही ना. वसंतात तिचा कार्यक्रम होता. मला बोलावलं होतं. म्हणाली, तू पहिल्या रांगेत बसायचं. त्याआधीच इकडून तार आली, सासरे आजारी आहेत. आम्ही निघालो. मग दुकान, घर… परत जाणं झालंच नाही. ते गाणं माझ्या बोटांतून गेलंय, कानात आलेलं नाही."

हे त्यांनी कुरकुरत सांगितलं नाही. खालच्या गिऱ्हाइकानं साडी घेतली की नाही हे विचारावं, त्याच सुरात सांगितलं. पण मला घरी जाताना रस्ता दिसत नव्हता.

पुढचे काही आठवडे मी तासांची तयारी सोडून दुसरंच वाचत बसले. इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवून मला एवढंही माहीत नव्हतं, की ही यंत्रं जन्मल्याबरोबर माणसांनी त्यांना गायला लावलं होतं. अगदी पहिल्या यंत्रांना एक कर्णा जोडलेला असायचा, काम नीट चाललंय की नाही हे कानानं कळावं म्हणून. त्या घुंईघुंईतून कुणालातरी सूर काढायची बुद्धी झाली. टेलिफोनच्या संशोधनात काम करणाऱ्या एका इंजिनीअरनं आकड्यांपासून थेट आवाज बनवला. पहिला तुकडा काही सेकंदांचाच होता, आणि ऐकणाऱ्यांना तो काही फार गोड लागला नव्हता. तरी त्यानं पुढची पावलं टाकली. त्याच्यामागोमाग संगीतकार आले. कुणी यंत्राला सूर निवडायची मोकळीक देऊन पाहिली, फासे टाकावेत तशी. कुणी तुतारीचा आवाज आकड्यांत उकलून पाहिला, मग जगात कधीच नसलेल्या घंटा घडवल्या. कुणी असा सूर केला, की तो वर वर चढतच राहतो आणि तरी कुठेच पोचत नाही. तो मी हेडफोन लावून ऐकला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. ह्यातल्या बहुतेकांनी आज दिलेला सूर पुढच्या आठवड्यात ऐकला होता. बासरीवाला फुंकतो आणि त्याच क्षणी ऐकतो. ही माणसं अंधारात फुंकर घालायची आणि कुठेतरी दूर, दिवसांनी, बासरी वाजायची. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

माझ्या आईला हे सांगायचा मी प्रयत्न केला. ती म्हसावदहून माझ्याकडे राहायला आली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आते त्या काकीसाले ते गानं आयकाड ना व माय. नुसतं वाची काय ऱ्हायनी?"

आईचं बरोबर होतं.

काकीसांना त्या बाईंचं नाव नीट आठवत होतं, फक्त उच्चार त्यांच्या पद्धतीचा. दोनतीन प्रकारे अक्षरं जुळवून पाहिली तेव्हा विद्यापीठाच्या पानावर सापडलं. त्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या रचनांची नावं होती, आवाज कुठेच नव्हता. मी तिथल्या ग्रंथालयाला ईमेल लिहिला. लिहिताना संकोच वाटला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून कुणीतरी मागतंय, ते का लक्ष देतील? काकीसांना मी काहीच सांगितलं नाही. उगाच आशा कशाला लावावी?

उत्तर आलं ते पपईच्या तोडणीच्या दिवसांत, मी भावाच्या शेतात उभी असताना. ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं, टेप आहे, पण कित्येक वर्षांत कुणी मागितलेली नाही. जुनं यंत्र दुरुस्त करून घेतो, वेळ लागेल. आणि शेवटी विचारलं होतं, कार्डं पाडणाऱ्या त्या बाई खरंच अजून आहेत का? आम्हाला त्यांच्याशी बोलता येईल का?

थंडी संपता संपता त्या टेपवरचा आवाज ईमेलनं आला. मी तो उघडला नाही. म्हणजे उघडायला बोट गेलं होतं, पण काकीसांच्या आधी आपण ऐकावं हे मला बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांची सामायिक, म्हणजे जैनांची रोजची ध्यानाची बैठक, आटोपल्यावर, आई आणि मी दुकानाच्या वर गेलो. पुतण्या दुकान नोकरावर सोडून आला. त्याची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी फोनवर सांगून ठेवल्यामुळे पुतण्यानं नवरात्रातल्या गरब्याचा मोठा स्पीकर आधीच आणून ठेवला होता. मी काकीसांना सांगितलं, "ते गाणं मिळालंय."

"कुठलं?"

"तुमच्या बोटांतून गेलेलं."

त्या उठल्या, आत गेल्या. आम्हाला वाटलं रडायला गेल्या असतील. त्या साडी बदलून आल्या. मोतिया रंगाची, काठाची, देरासरात, त्यांच्या मंदिरात, जाताना नेसतात तशी. "कार्यक्रम आहे ना," म्हणाल्या. गरब्याचा स्पीकर त्यांनी नको म्हटला. माझा लहान स्पीकर मांडीजवळ ठेवून घेतला आणि डोळे मिटले.

आधी टेपची सळसळ आली. मग एक सूर. तसा सूर मी कधी ऐकला नव्हता. त्याला श्वास नव्हता, तारेची थरथर नव्हती, हाताचा आघात नव्हता. बारीक, सरळ, हवेत ओढलेल्या रेघेसारखा. मग त्याच्या अगदी जवळून दुसरा निघाला, आणि दोघांच्या मधे काहीतरी हळूहळू धडधडायला लागलं.

"मोटर बिघडलेल्या पंपासारखं…" पुतण्या म्हणायला लागला. बायकोनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

काकीसांची बोटं हलायला लागली होती. गुडघ्यावर, साडीच्या काठावर, उजव्या हाताची तीन बोटं. आधी मला वाटलं, ताल धरताहेत. पण त्या संगीतात ताल नव्हता. त्या कळा दाबत होत्या. सूर दाट झाले तशी बोटं भराभर चालली; एक लांब सूर वरून खाली घसरत आला तेव्हा ती संथ झाली.

"इथून आकडे लहान लहान होत जातात," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. आणि खरोखरच सूर खाली खाली उतरत गेले, पाण्यात दगड जावा तसे. "आता शून्यं येतील. मी तिला म्हटलं होतं, आवाजाच्या रकान्यात शून्यच आहे तर कार्ड पाडायचं कशाला? ती म्हणाली, गप्प बसायचं हेसुद्धा यंत्राला सांगावं लागतं."

आणि सगळं थांबलं.

खालून बाजाराचा आवाज वर आला. टमटमचा हॉर्न, कुणीतरी भाव करत होतं. संपलं असं वाटून आईनं माझ्या कानाशी विचारलं, "सरी गयं का?"

काकीसांनी हात वर केला. थांबा. त्यांची बोटं अजून चालत होती. ती नसलेल्या सुरांची कार्डं होती आणि त्या एकेक पाडत होत्या. मी त्या बोटांकडे बघत होते. मग बोटं जरा रेंगाळली, जोरात खाली आली, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून एक सूर उमटला, इतका भरीव, इतका गोल, की पुतण्याची बायको "अरे देवा" म्हणून मागे सरली. साठेक वर्षांपूर्वी बर्फात बसून एका मुलीनं पाडलेलं भोक होतं ते. तिनं कधी न ऐकलेला आवाज तिच्या बोटांना आजही वेळेवर माहीत होता.

तुकडा फार मोठा नव्हता. आईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "समजनं काहीच नही. पन लई भारी व्हतं."

काकीसा हसल्या. "मलाही समजलं नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "ती म्हणायची एका ठिकाणी बरं झालंय. सगळंच बरं झालंय. तिला सांगायला पाहिजे होतं."

त्यानंतर ग्रंथपाल बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. काकीसा खुर्चीत ताठ बसून सावकाश, जपून, पण नीट इंग्रजी बोलल्या. यंत्राचा आवाज, गठ्ठ्यावर तिरकी रेघ कशी मारून ठेवायची, म्हणजे कार्डं हातातून सांडली तरी क्रम लागतो, त्या बाईंची गाडी कशी होती, सगळं सांगितलं. पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, "मॅडम, मी ह्यांच्या मांडीवर वाढलो. मला वाटायचं ह्यांना इंग्रजी येतच नाही."

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. पण पुढच्याच आठवड्यात पुतण्या काकीसांना गाडीतून कॉलेजात घेऊन आला. प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढून त्या आत आल्या. मुलं उठून उभी राहिली. काकीसा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बेटा, मी दुसऱ्याचे आकडे पाडले. माझा एक सूर करता येईल का?"

मी त्यांना एका कॉम्प्युटरपुढे बसवलं. जुन्या पद्धतीनंच आकडे देता येतील असा साधा प्रोग्राम मी घरी बसून लिहिला होता, माझ्याच कुतूहलापोटी. कधी सुरू, किती वेळ, किती उंच, किती मोठा. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ विचार केला. मग चार आकडे दाबले, अगदी जोरात, कळ फुटेल की काय असं.

"झालं," मी म्हटलं. "ऐकायचं?"

"कधी मिळेल?"

"आत्ता. तयार आहे."

त्यांचा विश्वास बसेना. "एवढ्यात?" त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आनंद होता, आणि थोडी हुरहूरही. "नको," त्या म्हणाल्या. "आत्ता नको. उद्या येते. रात्रभर वाट तर बघू दे."

खरंच त्या न ऐकता गेल्या. आणि गंमत म्हणजे, त्यांचा सूर माझ्या यंत्रात तयार पडलेला असताना मीही तो ऐकला नाही. दिवसभर, घरी पोळ्या लाटताना, मनात तेच: कसा असेल? उंच असेल की खोल? आकडे मला माहीत होते. तरी आवाज माहीत नव्हता. आकडा वाचणं आणि ऐकणं ह्यात एवढं अंतर आहे, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. त्या जुन्या माणसांनी आठवडेच्या आठवडे काय सोसलं असेल आणि कसला आनंद मिळवला असेल, ते मला त्या एका दिवसात थोडंसं कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कळ दाबली. खोल, शांत सूर आला, लांबवर टिकला आणि विरला. प्रयोगशाळेतल्या पंख्याचा आवाज त्यानंतर वेगळाच वाटायला लागला. काकीसांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "ह्याच्या शेजारी आणखी एक पाहिजे."

आता दर शनिवारी त्या येतात. त्यांच्या रचनेत सूर वाढत चाललेत. मला त्या मधे बोलू देत नाहीत. प्रोग्राममध्ये काही अडलं तरच विचारतात. मुलं आपापलं काम सोडून मागे उभी राहतात, आणि नवा सूर ऐकायला पुढच्या शनिवारपर्यंत थांबतात, कारण काकीसांनी तसाच नियम केलाय. गेल्या खेपेला उठताना त्या म्हणाल्या, "तो मधला सूर फार लांबलाय बेटा. सगळ्यांना झाकतो. त्याला जरा कमी करते, मग बघू." आणि भिंतीला धरत, सावकाश, जिना उतरून गेल्या.